सिस्टमडी काढून देता का?

हा प्रश्न आमच्या नौपाड्यातल्या दुकानात इतक्यांदा येतो की उत्तर छापूनच ठेवलंय.

लिनक्समध्ये कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, उठला की सगळ्यात आधी उठतो तो इनिट, म्हणजे प्रोसेस नंबर 1. नेटवर्क, प्रिंटर, लॉगिन, सगळ्यांना तोच उठवतो. सिस्टमडी हा इनिटचाच एक प्रकार. लिनक्सच्या डिस्ट्रोंपैकी, म्हणजे तयार आवृत्त्यांपैकी, फेडोराने 2011 मध्ये ते घेतलं, 2015 मध्ये डेबियन 8 आणि उबंटू 15.04 नेही. ज्यांना ते पटलं नाही त्यांनी डेबियनपासून सिस्टमडी नसलेलं डेव्हुआन वेगळं काढलं. व्हॉइड या डिस्ट्रोत रनइट हा इनिट असतो, अल्पाइनमध्ये ओपनआरसी. यातलं चांगलं कोणतं, यावर आमच्या दुकानातल्या दोघांचंही पटत नाही, तेव्हा तो वाद राहू द्या.

कृपा करून एकच करू नका: चालू मशीनमधून सिस्टमडी उपटू नका. लॉगिनचं सेशन सांभाळणारं लॉगिनडी हा सिस्टमडीचाच भाग आहे, आणि ग्नोमसारखा डेस्कटॉप त्याच्यावर उभा असतो. पॅकेज काढायला गेलात की डेस्कटॉपही सोबत निघतो. काय काय जाणार त्याची यादी एपीटी, म्हणजे पॅकेज टाकणारं-काढणारं साधन, आधी दाखवतं, पण ती वाचतो कोण? 'वाय' दाबलं जातं, आणि काळी स्क्रीन घेऊन मशीन आमच्या टेबलावर येतं. त्यात दिवाळीपासूनची बिलं, बॅकअप नाही. आधी डेटा बाहेर काढायचा, मग कोरं इन्स्टॉलेशन, मग प्रिंटर, दिवस जातो. म्हणून अशा कामाचे पैसे जास्त लागतात. "एकच तर कमांड मारली" म्हणून ते कमी होत नाहीत.

इनिट बदलायचाच असेल तर डिस्ट्रो निवडतानाच ठरवा. डेव्हुआन हवं तर कोरं डेव्हुआन टाकून देऊ, आधी पेनड्राइव्हवरून चालवूनही दाखवू. मात्र तिथे 'सिस्टमसीटीएल'च्या, म्हणजे सिस्टमडीच्या, कमांडी चालणार नाहीत. तुमच्या बिलिंगवाल्याने दिलेल्या सूचना त्याच कमांडींच्या असतील, तर निमूट डेबियनवर राहा.

आणि मशीन हळू सुरू होतं एवढीच तक्रार असेल, तर आधी 'सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम' चालवून बघा. कोणत्या सर्व्हिसने किती वेळ खाल्ला ते दिसेल. जुन्या मशीनमध्ये बहुतेक वेळा दोष फिरत्या हार्डडिस्कचा निघतो. एसएसडी आमच्याकडे असते, आहे तशी सिस्टीम तिच्यावर उतरवून देतो.

येताना चार्जर आणि पासवर्ड, दोन्ही आणा. पासवर्ड भाच्याला माहीत असेल तर भाच्यालाही.