पालथं झोपवताना नळी कुठून घ्यायची: ऑक्सिजन मशीन आणि उशांचा सेट भाड्याने नेणाऱ्यांसाठी

"सॅच्युरेशन उतरलंय, तुमचं मशीन बिघडलंय, लगेच माणूस पाठवा." पेशंटला पालथं झोपवलेलं असताना असा फोन आला की आम्ही आधी विचारतो, नळी कुठून घेतली आहे? बहुतेक वेळा ती छातीखाली दबलेली असते. मशीन ठणठणीत असतं.

माणूस उताणा असताना नळी हनुवटीखालून छातीवर येते आणि बाजूला उतरते. त्यालाच पालथं केलं की ती अंग आणि गादी यांच्यात सापडते. म्हणून वळवण्याआधी ती डोक्याच्या बाजूने वर काढा, हातभर ढील ठेवा आणि चादरीला चिमट्याने अडकवा. चिमटा सेटमध्ये दिलेला आहे. तो कपडे वाळत घालायला नाही. लघवीची नळी असेल तर तीही अशीच बघून घ्या.

तरीही सॅच्युरेशनचा आकडा उतरला तर आधी पेशंटला वळवून उठतं बसवा, मग मशीनकडे जा. फ्लोमीटरमधली, म्हणजे ऑक्सिजनचा वेग दाखवणाऱ्या काचेतली गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यावर हवी आणि मशीनच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे हवेत. गोळी खाली बसली किंवा बाटली शिट्टी मारायला लागली तर पुढे नळी कुठेतरी अडली आहे. बाटलीत बुडबुडे आहेत पण शंका वाटते, तर नाकातली टोकं क्षणभर ग्लासातल्या पाण्यात धरा. तिथेही बुडबुडे आले तर वाट मोकळी आहे. टोकं कोरडी करून मगच परत लावा. ग्लासात काहीच आलं नाही तर बाटलीचं झाकण काढून पुन्हा नीट फिरवून बसवा, आटे वाकडे बसले की हवा तिथूनच निघून जाते. ऑक्सिमीटरही फसवतो. ज्या हाताला तो लावला तोच हात अंगाखाली असेल, बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल, तर आकड्यावर विसंबू नका.

एवढं करूनही आकडा वर येत नसेल, धाप वाढत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा माणूस गुंगीत जात असेल, तर आमचा नंबर फिरवण्यात वेळ घालवू नका. डॉक्टर किंवा १०८. वीज गेली तर लागेल म्हणून छोटा सिलिंडर भाड्याने मिळतो, मशीनसोबतच न्यावा.

आम्ही येऊन नळीच दबलेली निघाली तर व्हिजिटचे पैसे घेतो. यावर काहीजण चिडतात. पण हडपसरला जाऊन नळी सरळ करून कोथरूडला परत यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि तेवढ्या वेळात खरोखर बंद पडलेल्या मशीनचं घर ताटकळतं.

आता नेहमीचा प्रश्न: पालथं झोपून होतं काय? फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणं झोपलं की हृदयाचा आणि पोटाचा भार त्यावर येतो, तिथल्या हवेच्या पिशव्या मिटतात, रक्त मात्र तिथूनच जास्त वाहत राहतं. पालथं केलं की तो भाग उघडतो आणि हवा नि रक्त एकमेकांना भेटतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः फ्रान्समधल्या आयसीयूंमध्ये झालेल्या अभ्यासात ४६६ रुग्ण होते. सलग किमान १६ तास पालथं ठेवलेल्या गटात २८ दिवसांतले मृत्यू १६ टक्के, दुसऱ्या गटात ३२.८ टक्के.

"१६ तास पालथं झोपवा" असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते १६ तास बऱ्याचदा इथूनच येतात. ते सगळे रुग्ण व्हेंटिलेटरवर होते, वळवायला चार-पाच हात आणि डोळ्यात तेल घालून बसलेला स्टाफ होता. कोविडमध्ये, एप्रिल २०२१ ला, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जागं असलेल्या, ९४ च्या खाली सॅच्युरेशन गेलेल्या रुग्णांसाठी सूचना काढली होती. त्यात एका स्थितीत अर्धा ते दोन तास, मग कूस बदलायची, आणि सोसेल तसं मिळून दिवसाला १६ तासांपर्यंत, असं होतं. एका दमात नव्हे. जेवणानंतर तासभर तर नाहीच. गरोदरपण, गंभीर हृदयविकार, पायातल्या शिरेत नुकतीच धरलेली गुठळी, मणका, मांडी किंवा कमरेचं हाड मोडलेलं असेल, तर पालथं करू नये, हेही त्यातच होतं.

म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर आम्ही उशांचा सेट देत नाही. "नुसत्या उशा तर आहेत" हे वाक्य काउंटरवर रोज ऐकू येतं. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही त्याला घरी पालथं ठेवणं ही जोखीम आहे. उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. कपाळ, गाल, हनुवटी, कमरेचं हाड, गुडघे इथे कातडी लाल होते, पुढे जखमा होतात, आणि एअर बेड चेहऱ्याला वाचवत नाही. हात खांद्याच्या वर ताणलेला राहिला तर नस दबून मुंग्या येतात. खालच्या डोळ्यावर भार येऊ देऊ नका. तान्ह्या बाळासाठी सेट मागू नका. हॉस्पिटलात मॉनिटरखाली बाळाला पालथं ठेवतात, घरी झोपवायचं ते उताणंच.

डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन करून, आत गॅस भरून आलेल्यांची गोष्ट वेगळी. तिथे साधारणपणे तोंड खाली हवं असतं, पोट नव्हे. खुर्चीत बसून, टेबलावरच्या चेहऱ्याच्या आधारात मान टेकवली तरी बहुतेकांचं भागतं, डॉक्टरांना तेवढं विचारून या. बेड नेऊ नका, उगाच भाडं भराल. आणि गॅस विरेपर्यंत विमान नाही. उंचीवर तो फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. मुंबईला ऑपरेशन झालं असेल तर घाट चढून पुण्याला कधी यायचं, हेही तिथल्याच डॉक्टरांना विचारून घ्या.

सेटमध्ये पाच उशा येतात: एक मानेखाली, दोन छातीपासून मांडीपर्यंत, दोन नडग्यांखाली. खोळी धुतलेल्या असतात, परत देताना धुवायची गरज नाही. पोहोचवायला येणारा मुलगा एकदा सगळं लावून दाखवतो, त्या वेळी रात्री पेशंटजवळ जे असणार आहेत त्यांनी घरी थांबावं. लिफ्ट नसेल तर मजला बुकिंग करतानाच सांगा. नळी फाटली तर नवी काउंटरवर मिळते, जोड देऊन वापरू नका.