पावतीविना वजावट : ही समजूत आली कुठून?

जून-जुलैत आयकर रिटर्नची घाई सुरू झाली की नवी पेठेतल्या माझ्या ऑफिसात एक वाक्य रोज कानावर पडतं : "साहेब, पावत्या नाहीत, पण खर्च तर खरा झालाय. टाकून द्या ना."

परवा एक औषध कंपनीचा प्रतिनिधी पेट्रोलच्या चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन आला. अक्कलकोट, बार्शी, पंढरपूर अशी वर्षभराची फिरती. पण सोलापूरचा उन्हाळा गाडीच्या डिकीत सोसलेला तो कागद. बऱ्याच चिठ्ठ्या कोऱ्या झालेल्या. मी त्याला सांगितलं, या चिठ्ठ्या शाबूत असत्या तरी रिटर्नमध्ये त्यांचा उपयोग नव्हता. पगारदाराचा तो हिशेब सरकारने कधीच एका रकमेत बसवलाय.

याची सुरुवात १९७४ सालची. त्याआधी पगारदाराला कामासाठी घेतलेली पुस्तकं, स्वतःचं वाहन अशा खर्चांची वजावट वेगवेगळी मागावी लागे. यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना त्या बदल्यात प्रमाणित वजावट आली, म्हणजे आपण ज्याला स्टँडर्ड डिडक्शन म्हणतो ती. पगाराच्या प्रमाणात ठरावीक रक्कम वजा, पावती मागायची नाही. २००५ च्या अर्थसंकल्पात ती काढून टाकली. मधल्या काळात औषधोपचाराचे १५,००० रुपये करमुक्त मिळायचे, पण बिलं दाखवून; मार्च आला की लोक मेडिकल दुकानांतून बिलं गोळा करत फिरायचे. २०१८ मध्ये ती सवलत आणि वर्षाचा १९,२०० रुपयांचा प्रवासभत्ता बंद करून ४०,००० ची प्रमाणित वजावट परत आणली. २०१९ मध्ये ५०,००० झाली, आणि २०२४ मध्ये नव्या करप्रणालीत ७५,०००.

धंदेवाल्यांसाठी वाट वेगळी. १९९४ पासून बांधकाम ठेकेदार आणि ट्रकमालकांना अंदाजित नफ्यावर कर भरता येऊ लागला. पुढे बहुतेक छोटे धंदे त्यात आले. उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरायचा. वकील-डॉक्टरांसारख्यांना २०१६ पासून निम्मी जमा नफा म्हणून दाखवता येते. इथे खर्चाच्या वह्या लागत नाहीत, पण मग वेगळा खर्चही वजा मिळत नाही. लोक नेमकं हेच विसरतात.

गैरसमजाला खरं खतपाणी मिळालं ते २००७ मध्ये. तेव्हापासून रिटर्नला कागद जोडायचे नाहीत. जोडायचे नाहीत याचा अर्थ ठेवायचे नाहीत, असा लोकांनी लावला. आमच्या व्यवसायातल्या काहींनीही तो लावू दिला, याचा मला राग येतो, कारण नोटीस अशिलाच्या नावाने येते. २०१६ च्या वित्त कायद्याने पुराव्याशिवाय दाखवलेला खर्च थेट 'चुकीची माहिती' या सदरात टाकला. त्याला दंड त्या रकमेवरच्या कराच्या २०० टक्के. जुलै २०२५ मध्ये खोट्या वजावटी भरून देणाऱ्यांवर देशभर तपासणी झाली, त्यात महाराष्ट्रही होता. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यातही प्रमाणित वजावट आणि अंदाजित नफा, दोन्ही कायम आहेत.

यंत्रमागवाल्यांची अडचण मी रोज बघतो. ज्याचा नफा सहा टक्केही सुटत नाही, त्याला हिशेबाची पुस्तकं ठेवावीच लागतात, आणि खर्च तर रोखीचा : कारागिरांचा आठवड्याचा पगार, मागाचे सुटे भाग, हमाली. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली तर तो खर्च धरलाच जात नाही. त्याखालची रोख चालते, पण नोंद हवी.

टॉवेलचा एक कारखानदार गेल्या दिवाळीपासून पगाराच्या वहीत प्रत्येक कारागिराची सही घेतो. हमालीसाठी साधं व्हाउचर : तारीख, किती गाठी, रक्कम, हमालाचा अंगठा. शनिवारी पगार वाटून झाला की तो पानाचा फोटो मला पाठवतो.