जॅझच्या तबकडीची नवी आवृत्ती कानाने कशी पारखावी

गेल्या आषाढात फोंड्याच्या आमच्या घरी टपालाने एक तबकडी आली. 1950 च्या दशकातील अमेरिकन जॅझचे ते रीइश्यू होते, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाची नव्याने छापलेली आवृत्ती. वेष्टनावर 180 ग्रॅम वजनाचा सोनेरी शिक्का होता आणि मूळ टेपवरून काम केल्याची ग्वाहीही होती. पहिल्या बाजूच्या अखेरीस पियानोचा एक लांब स्वर येतो. तो स्वर लागला, हळूच वर चढला, खाली उतरला आणि पुन्हा चढला. पियानोच्या तारेवर हातोडी एकदा पडली की स्वर विरत जातो, पण तो जागा सोडत नाही. मींड घेणे पियानोला शक्यच नसते. मी प्लेअरवर वाकून पाहिले, तेव्हा सुईचा दांडा प्रत्येक फेऱ्यासोबत डावीउजवीकडे डुलताना दिसला. पट्टी धरून पाहिल्यावर त्याची हालचाल एकूण एक मिलिमीटर भरली, म्हणजे तबकडीचे भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर बाजूला पडले होते.

अर्धा मिलिमीटर ही चूक कागदावर क्षुल्लक वाटते. परंतु तबकडीच्या आतल्या भागात खाचेची त्रिज्या सुमारे 60 मिलिमीटर असते आणि तिथे या चुकीमुळे सुईखालून सरकणाऱ्या खाचेचा वेग दर फेऱ्यात 0.8 टक्क्यांनी वाढतो आणि तितकाच घटतो. अर्धस्वराचे शंभर भाग केले, तर हा फरक वर चौदा आणि खाली चौदा असा एकूण अठ्ठावीस भागांचा होतो. आपल्या बावीस श्रुतींतील सर्वांत लहान श्रुती सुमारे बावीस भागांची असते, म्हणजे एका भोकाच्या चुकीने स्वर दर 1.8 सेकंदांनी एका श्रुतीहून अधिक हिंदकळत होता. तानपुऱ्यासमोर आणि देवळातल्या भजनात वाढलेल्या गोव्यातील कानाला हे ऐकू न येते तरच नवल. शिक्क्यावर छापलेले वजन मात्र खरे होते. वजनकाट्यावर तबकडी 180 ग्रॅमच भरली.

जॅझच्या तबकड्या जमवणाऱ्यांत रीइश्यूविषयी बोलणे होते ते बहुधा किंमत, वजन, मालिकेचे नाव आणि ‘ऊबदार आवाज’ अशा शब्दांत. या शब्दांनी फारसे काही कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. ध्वनी टेपवरून तुमच्या कानापर्यंत येताना चार-पाच हातांतून जातो आणि प्रत्येक हात आपली वेगळी खूण मागे ठेवतो. त्या खुणा ओळखता आल्या की दोष टेपचा आहे, कापणीचा (म्हणजे टेपवरून खाच कोरण्याचा) आहे, छपाईचा आहे की आपल्याच सुईचा, हे घरबसल्या सांगता येते.

सुरुवात खाचेपासून केलेली बरी. 1948 मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी तबकडी बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर खाच एकच असते, आणि बावीस मिनिटांच्या संगीतासाठी ती उलगडली तर साधारण साडेचारशे मीटर भरेल. फेऱ्यांचा वेग कायम असला तरी बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर सरकते आणि लेबलजवळ पोहोचेपर्यंत हा वेग 21 सेंटिमीटरवर येतो. सिंबलवर काठी पडल्यावर जी लखलख होते, तिच्यात 10,000 हर्ट्झ आणि त्यावरची कंपने भरपूर असतात. या कंपनांची एक लाट बाहेरच्या कडेला 51 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जागा घेते, तर आत तिला 21 मायक्रॉनमध्येच बसावे लागते. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे 18 मायक्रॉन असते. अरुंद गल्लीत मोठी गाडी वळत नाही, तशी ही सुई त्या वळणांत शिरू शकत नाही. लंबगोल सुईची बाजूची त्रिज्या 8 मायक्रॉनच्या आसपास असल्याने ती बरीच आत पोहोचते. म्हणून बाजूच्या शेवटच्या रचनेत ट्रम्पेट फाटू लागला, तर रीइश्यूला दोष देण्याआधी सुई पाहावी. काही कंपन्या एकच अल्बम दोन तबकड्यांवर 45 फेऱ्यांच्या वेगाने छापतात, त्यामागेही हेच गणित आहे: वेग 1.35 पट झाला की प्रत्येक लाटेला तितकीच अधिक जागा मिळते.

याच्या उलट निवडही एकदा केली गेली आहे आणि गोव्यातील माणसाला ती सांगितल्यावाचून राहवत नाही. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरून पाठवलेली सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी मिनिटाला फक्त 16⅔ फेरे घेण्यासाठी कापलेली आहे, कारण तिथे काटेकोर लखलखीपेक्षा अधिक संगीत मावणे महत्त्वाचे होते. त्या एकाच तबकडीवर आपल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे आणि लुई आर्मस्ट्राँग यांचा ब्लूजही आहे.

आता टेपकडे येऊ. ‘मूळ छपाई तीच खरी, रीइश्यू ही नक्कल’ असे मानणाऱ्यांनी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या 1959 च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमचा इतिहास लक्षात ठेवावा. 2 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कमधील कोलंबियाच्या थर्टीएथ स्ट्रीट स्टुडिओत पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मुद्रित होत असताना मुख्य टेप यंत्र किंचित मंद चालले होते. मंद वेगाने मुद्रित केलेली टेप योग्य वेगाने वाजवली की स्वर चढतो, त्यामुळे पहिल्या छपाईपासूनच ती बाजू योग्य पट्टीच्या थोडी वर राहिली. त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर घेतलेली राखीव टेप वापरून ही चूक दुरुस्त झाली ती 1992 मध्ये. म्हणजे या बाजूपुरते सांगायचे, तर सुरात आहे ते रीइश्यू आणि सुराबाहेर आहे ती मूळ छपाई.

ही तपासणी घरी करता येते. पहिली रचना पांढरी दोनच्या स्वरावर उभी आहे. हार्मोनियम नीट लावलेली आहे ना याची फोनवरील ट्यूनरने खात्री करून घ्यावी आणि तो स्वर दाबून धरावा. दोन स्वरांत सेकंदाला तीन कंपनांचा फरक असेल, तर आवाज सेकंदाला तीन वेळा फुगतो आणि ओसरतो. तानपुरा जुळवताना आपण हाच डोल ऐकत असतो आणि तो थांबला की तार लागली असे म्हणतो. मात्र त्याआधी प्लेअरचा वेग बरोबर असायला हवा. गोव्यातील तारवटींनी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांनी, परदेशातून तबकड्यांबरोबर प्लेअरही आणले. त्यांपैकी अमेरिकेच्या 60 हर्ट्झ विजेसाठी बनवलेल्या काही प्लेअरांची मोटर विजेच्या कंपनसंख्येवरच फिरते. आपल्या 50 हर्ट्झवर असा प्लेअर 33⅓ ऐवजी जेमतेम 27.8 फेरे घेतो आणि संगीत तीन अर्धस्वरांहून अधिक खाली उतरते. वेग तपासायला 180 रेघांची स्ट्रोब चकती जुन्या ट्यूबलाइटखाली फिरवावी. वेग बरोबर असेल तर रेघा जागीच थांबल्यासारख्या दिसतात.

टेपनंतर येते ती कापणी, आणि माझ्या मते रीइश्यूचे खरे भवितव्य इथेच ठरते. नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर तापवलेली कातणी खाच कोरते. खर्जाच्या कंपनांना आडवी जागा फार लागते, म्हणून कापताना खर्ज दाबतात आणि तार बाजू उचलतात. ऐकताना ॲम्प्लिफायरचा फोनो भाग नेमके उलट करतो. 1954 मध्ये आलेल्या आरआयएए (अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना) मानकानुसार 20 हर्ट्झजवळ हा दाब सुमारे 20 डेसिबलचा, म्हणजे जवळजवळ दहापट असतो. त्याआधी प्रत्येक कंपनीचे प्रमाण वेगळे होते. त्यामुळे 1950 च्या सुमाराची एखादी मूळ तबकडी आजच्या यंत्रावर पातळ किंवा कर्कश वाटली, तर तो तिचा दोष नसतो. कापणी करणारा माणूस किती जोरात कापायचे, खाचा किती जवळ ठेवायच्या आणि झांज किती उजळ ठेवायची, हे स्वतःच्या कानाने ठरवतो. ब्लू नोट या अमेरिकन जॅझ कंपनीच्या असंख्य तबकड्यांचे मुद्रण आणि कापणी करणारे रूडी व्हॅन गेल्डर हे पेशाने नेत्रपरीक्षक होते आणि 1959 मध्ये इंगलवुड क्लिफ्सला स्टुडिओ उभारण्यापूर्वी ते हॅकेन्सॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात मुद्रण करीत. शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत पट्ट्यावर ‘आरव्हीजी’ ही अक्षरे दिसली की कापणी त्यांची होती हे कळते. 2019 पासूनच्या टोन पोएट या ब्लू नोटच्याच रीइश्यू मालिकेत त्याच जागी कापणी करणाऱ्या केविन ग्रे यांच्या आद्याक्षरांची सही आढळते. तबकडी विकत घेताना मी शिक्का नाही, हा पट्टा तिरपा धरून वाचतो.

कापणीची एक खूण मला विशेष प्रिय आहे. रचना सुरू होण्याआधीच्या शांततेत कधी कधी तिचा पहिला ठोका फार पुसटपणे आधीच ऐकू येतो. हा पूर्वध्वनी नेमका एका फेऱ्याने, म्हणजे 1.8 सेकंद आधी येत असेल आणि साऱ्या बाजूभर हे अंतर तेच राहत असेल, तर शेजारच्या जोरकस खाचेने अलीकडची भिंत किंचित वाकवलेली असते. अंतर रचनेगणिक बदलत असेल, तर टेपच्या रिळातील एका वेटोळ्याचे चुंबकत्व दुसऱ्यावर उमटलेले असते, कारण रिळाचा घेर बदलत जातो. पहिला दोष त्या कापणीपुरता असतो. दुसरा टेपमध्येच असल्याने त्याच टेपवरून निघालेल्या साऱ्या आवृत्त्यांत उतरतो.

छपाईविषयी थोडक्यात सांगतो. लॅकरवर चांदीचा सूक्ष्म थर देऊन त्यावर निकेल चढवतात आणि त्या निकेलच्या पिढ्यांतून शेवटी साचा तयार होतो. तापवलेले व्हिनाइल त्या साच्यात दाबले जाते. साचा झिजला की झांजांची धार बोथट होते आणि माल नीट न भरता दाबला गेला तर एकाच कानात थोडा वेळ फाडल्यासारखी चरचर येते. व्हिनाइल जाड असल्याने खाच अधिक खोल होत नाही. 180 ग्रॅमची तबकडी सहज वाकत नाही, इतकाच काय तो लाभ.

टेप ते लॅकर हा प्रवास संगणकाचा स्पर्श न होता झाला, याला संग्राहकांत मोठा मान आहे. 2022 मध्ये मोबाईल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीने आपल्या अनेक तबकड्यांच्या निर्मितीत डिजिटल टप्पा असल्याचे मान्य केले, तेव्हा याच तबकड्यांची शुद्ध ॲनालॉग म्हणून स्तुती करणारे जगभरचे ऐकणारे दुखावले. खरेदीदाराला खरी माहिती मिळालीच पाहिजे, यात वाद नाही. पण इतक्या तयार कानांना तो टप्पा ऐकून ओळखता आला नव्हता, हेही ध्यानात घ्यायला हवे.

आपल्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. पावसाळ्यात हवा दमट असल्याने स्थिर विजेची तडतड कमी होते, पण बुरशी वाढते. ती व्हिनाइल खात नाही. वेष्टनाचा कागद, धूळ आणि बोटांचा तेलकटपणा यांवर ती जगते, आणि तिचे तंतू खाचेत उतरले की सतत खसखस येते. ऊर्ध्वपातित पाणी, द्रव साबणाचा एखादा थेंब आणि थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल यांनी ती निघते. हाच उपाय लाखेच्या 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवर मात्र कधीही करू नये, कारण अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, यांच्या मुंबईतील वादनाच्या तबकड्या लाखेच्याच आहेत आणि अशा एका पुसण्याने त्या कायमच्या जाऊ शकतात.

शेवटी तुलना. दोन आवृत्त्यांपैकी जी किंचित मोठ्याने वाजते ती अधिक जिवंत वाटते. एक डेसिबलचा फरक आपल्याला ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला आवाज’ म्हणून जाणवतो. शेजारच्या एका तारवटी काकांनी साठच्या दशकात आणलेली मूळ तबकडी आणि तिचे आजचे रीइश्यू माझ्याकडे आहे आणि जुनीच सरस, असे मी कित्येक वर्षे सांगत आलो. या पावसाळ्यात दोन्ही एकाच प्लेअरवरून संगणकात घेतल्या. जुनी जवळजवळ दोन डेसिबलने मोठी निघाली. पातळी सारखी केली, जिथे टकटक नाही आणि वाद्यांचा भर आहे असे अर्ध्या मिनिटाचे तुकडे निवडले आणि मुलीला नाणे उडवून त्याप्रमाणे ते लावायला सांगितले. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे एक टक्का असते, म्हणून नऊ ही अट ठेवली. पहिल्या दोन रचनांत माझी दहापैकी सहा उत्तरे बरोबर आली. लेबलजवळच्या शेवटच्या रचनेत दहाही बरोबर आली, कारण काकांच्या जुन्या जड सुईने आतल्या खाचेची वळणे झिजवली होती आणि ट्रम्पेटच्या वरच्या स्वरांना खरखरीत कड आली होती. ती रचना ऐकायची असेल तेव्हा मी आता रीइश्यू लावतो.