एकक लहान, आकडा मोठा

तिसरी-चौथीच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता बहुधा असतोच: मोठ्या एककातून लहानात जाताना गुणाकार, लहानातून मोठ्यात जाताना भागाकार. मुलं तो खाडखाड म्हणतात. तरीही ३०० सेंटीमीटरचे मीटर करा म्हटलं की बरीच मुलं ३०,००० लिहितात. याला दुर्लक्ष म्हणू नये. मीटर मोठा, म्हणून उत्तरही मोठं, असा त्यांचा सरळ विचार असतो. तो चुकीचा आहे, पण विचार आहे, आणि पाठांतराने तो हलत नाही. तो हलतो हाताने मोजल्यावर.

जुन्या कॅलेंडरचं जाड पान घ्या. त्यातून १ मीटरची एक पट्टी करा. पान अपुरं पडलं तर जोडून घ्या. १० सेंटीमीटरच्या दहा पट्ट्या आणि १ सेंटीमीटरचे थोडे तुकडे कापा. दोरी वापरू नका, ओढली की ताणली जाते आणि प्रत्येक मुलाचं माप वेगळं येतं. व्हरांड्यात खडूने बरोबर ३ मीटरची रेघ आधीच मारून ठेवा. पहिल्या दिवशी पूर्ण आकडेच यायला हवेत.

मोठी पट्टी तीनदा बसते. आता १० सेंटीमीटरची पट्टी किती वेळा बसेल, हे मोजण्याआधी प्रत्येकाने पाटीवर लिहायचं. ही पायरी गाळली तर सगळा खटाटोप वाया जातो, कारण स्वतःचा अंदाज चुकलेला दिसल्याशिवाय मूल थांबून विचार करत नाही. मग मोजायला लावा. पट्टीचं टोक जिथे येतं तिथे खडूची खूण करायची आणि पुढची पट्टी त्या खुणेलाच भिडवायची. दर वेळी १ सेंटीमीटरची फट राहिली तर ३० ऐवजी जेमतेम २७ पट्ट्या बसतात. असं उत्तर आलं तर रागावू नका, फट कुठे राहिली ते त्यांनाच शोधू द्या. शेवटी १ सेंटीमीटरचा तुकडा हातात दिला की मुलं तो मांडत बसत नाहीत, ३०० असं आपणहून सांगतात.

इथेच खरी गोष्ट उमगते. रेघ तेवढीच राहिली, बदललं ते मोजायचं माप. माप दहावा हिस्सा झालं की ते दहा पट वेळा मांडावं लागतं. आकडा आणि एकक यांचा गुणाकार म्हणजे ती लांबी, आणि लांबी बदलत नाही. म्हणून एक घटलं की दुसरं तेवढ्याच पटीत वाढतं. हे कळलेल्या मुलाला तक्ता लागत नाही. ३०,००० मीटर म्हणजे ३० किलोमीटर, एवढी लांब रेघ व्हरांड्यात मावेल कशी, हे त्याचं तोच विचारतो.

दुसरी हमखास चूक म्हणजे ३ मीटर ५ सेंटीमीटर बरोबर ३५ सेंटीमीटर. इथे त्याच पट्ट्या जमिनीवर मांडा: मीटरच्या तीन, सेंटीमीटरचे पाच तुकडे. मधली, १० सेंटीमीटरची पट्टी किती? एकही नाही. त्या रिकाम्या जागेचं शून्य, म्हणून ३०५. एकक, दशक, शतक हेच इथे लांबी होऊन समोर पडलेलं असतं. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे १०० पैसे झाले, तेव्हापासून कित्येक वर्षं मुलं ३ रुपये ५ पैसे हाताळत हे शिकली. आज पैशांची नाणी दिसत नाहीत. शंभर भाग प्रत्यक्ष पाहायची पहिली संधी मीटरच देतो.

फूटपट्टीबद्दल थोडंसं. पुष्कळ प्लास्टिकच्या पट्ट्यांवर शून्याआधी मोकळी जागा असते, आणि काही मुलं १ पासून मोजतात. तुटकी पट्टी द्या आणि ३ ते ८ ही लांबी विचारा. ८ म्हणणारा शेवटचा आकडा वाचतो, ६ म्हणणारा खुणा मोजतो, ५ म्हणणारा अंतर मोजतो.

वजनाची गंमत धान्यात आहे. 'एक लिटर म्हणजे एक किलो' हे पाण्यापुरतंच, जवळजवळ बरोबर आहे. लिटरच्या मापात दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, भरून काट्यावर ठेवा, पाऊण किलोच्या आसपास भरते. दाण्यांमध्ये हवा असते. तेलाच्या पिशवीवर १ लिटरखाली ९१० ग्रॅम छापलेलं असतं, ते मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. लिटर ही जागा, किलो हे वस्तुमान. या दोघांचं रूपांतर वस्तू कोणती ते कळल्याशिवाय होत नाही.

बाजारात 'दोन मिनिटांत एककं' असे व्हिडिओ आहेत. त्यात एककांच्या आद्याक्षरांची माळ पाठ होते, लांबीचा अंदाज येत नाही. काही घरांत मुलाची उंची मोजू नये, वाढ खुंटते असं म्हणतात. अंगणवाडीत मुलांची उंची आणि वजन नियमित मोजतात, त्याने कुणाची वाढ थांबलेली नाही. भिंतीवर उंचीच्या खुणा जरूर करा.

चौथी-पाचवीत क्षेत्रफळ येतं तेव्हा १००चा हिशोब मोडतो. मीटरचे सेंटीमीटर १००, पण चौरस मीटरचे चौरस सेंटीमीटर १०,०००, कारण लांबीलाही शंभर आणि रुंदीलाही शंभर. आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण एक गुंठा. असे १०० आर म्हणजे हेक्टर. खान्देशातल्या शेतकरी घरात सातबारा असतोच, तो वर्गात वाचता येतो. त्यावरचं १.०५ म्हणजे १ हेक्टर ५ आर. शून्य गाळून १.५ वाचलं तर १ हेक्टर ५० आर होतात. फरक ४५ आरचा, आणि एकर होतो साधारण ४०.५ आरचा.