नोंद नसलेला कडा आणि नोंद टाळलेला कडा

'गाइडबुकात नाही, म्हणजे कोणी हातच लावलेला नाही.' प्रस्तरारोहकांच्या गप्पांत हे वाक्य इतक्यांदा येतं की आता ऐकलं की कपाळाला हात लावावासा वाटतो. कडा गाइडबुकात, म्हणजे चढाईच्या मार्गांची माहिती देणाऱ्या पुस्तकात, नसण्याची कारणं दोन, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट. एक तर तिथे कोणी पोचलेलं नाही, किंवा पोचलेला माणूस लिहिण्याच्या भानगडीत पडला नाही. नाहीतर तो कडा जाणकारांना चांगला ठाऊक आहे आणि त्यांनी ठरवून पुस्तकाबाहेर ठेवलाय. पहिला म्हणजे नोंद नसलेला कडा, दुसरा नोंद टाळलेला. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. घोळ होतो तो इथेच.

कडा शोधायचा कसा, हे बहुतेकांना येतं, म्हणून भराभर. आधी भूगर्भीय नकाशा: ग्रॅनाइट, चुनखडक, वालुकाश्म कुठे आहे ते बघायचं. लोक उलटं करतात. तासन्‌तास उपग्रहचित्रं चाळतात आणि शेवटी ठिसूळ शेलचा ढिगारा 'शोधून' काढतात. मग समोच्च रेषा कुठे दाटल्यात ते बघा. दोन रेषांमधलं उंचीचं अंतर २० मीटर असेल तर १५ मीटरचा उत्तम कडा नकाशावर अजिबात न उमटता राहू शकतो. झाडीखालची जमीन लायडारमध्ये (लेझर किरणांनी हवेतून केलेल्या मोजणीत) दिसते, पण नेहमीच्या उंची-नकाशात एका ठिकाणाला एकच उंची असते, त्यामुळे ओव्हरहँग, म्हणजे बाहेर झुकलेली भिंत, त्यात सापडत नाही. पानगळीच्या जंगलात हिवाळ्यातली जुनी चित्रं उघडा. बोल्डरिंग (दोराशिवाय बुटक्या खडकांवर चढणं) की रोप, हा प्रश्न तिथे गेल्यावर आपोआप सुटतो. ड्रोन मला मुळीच आवडत नाही, कारण पुढे येईलच.

आता मुद्दा. समजा, कडा सापडला. उभा, कोरडा, पायथ्यापर्यंत चालत जाता येतं, आणि पुस्तकात एक ओळ नाही. हा दोन्हींपैकी कुठला?

चॉकचे, म्हणजे पकड घसरू नये म्हणून हाताला लावायच्या पुडीचे, पांढरे डाग नाहीत म्हणून निश्चिंत होणारे सगळ्यात जास्त. जर्मनीतल्या सॅक्सनीत एल्बेकाठच्या वालुकाश्मावर चॉक वापरायला बंदी आहे, भेगांत धातूची साधनं अडकवायलाही बंदी आहे. संरक्षणाला गाठी मारलेले स्लिंग (दोराचे किंवा पट्टीचे फास) वापरतात. तिथला फाल्केनश्टाइन १८६४ साली चढला गेला. दीडशेहून अधिक वर्षं माणसं चढतायत, पण भिंतीवर पांढरी खूण शोधत बसलात तर मिळायची नाही. खुणा शोधायच्याच असतील तर बारीक शोधा: होल्डच्या, म्हणजे हातापायाच्या पकडीच्या, कडेवरून घासून गेलेलं लायकेन (दगडफूल), पायथ्याशी रचून सपाट केलेली जागा, माथ्यावरच्या झाडाला खोडात रुतलेलं जुनं स्लिंग. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे कापून टाकलेला बोल्ट (दोर अडकवायला खडकात भोक पाडून बसवलेला खिळा) किंवा रेझिन भरून बुजवलेलं भोक. इथे कोणीतरी आलं होतं, आणि मग ते काढून टाकावं असं कोणीतरी ठरवलं, एवढं त्यावरून नक्की कळतं.

तरीही खडकापेक्षा पुस्तकच जास्त सांगतं. जुनी आवृत्ती मिळवा. जुन्या आवृत्तीत कडा आहे आणि नव्यात गायब, तर तो विसरला गेला असण्याची शक्यता फार कमी. दुसरी खूण त्याहून मजेदार: शेजारच्या कड्याकडे जायची वाट वर्णन करताना लेखक तुमच्या कड्याच्या अगदी खालून वाचकाला नेतो आणि वर बघायलाही सांगत नाही. उगवती-मावळतीची सावलीसुद्धा टिपणारा लेखक ४० मीटरची भिंत नजरेतून सोडत नाही. ते मौन मुद्दामचं असतं.

मौनाची कारणं खडकावर लिहिलेली नसतात. बहिरी ससाणा बहुतेकदा कड्याच्या कपारीत अंडी घालतो. म्हणून अनेक देशांत विणीच्या हंगामात ठरावीक कडे बंद ठेवतात. जागा छापली की अंडी चोरणाऱ्यांचंही काम सोपं होतं. (ड्रोन का नको, तेही इथेच कळलं असेल: घरट्यावरचे पक्षी बिथरतात.) कॅनडातल्या नायगारा एस्कार्पमेंटच्या कड्यांवर खुरटे व्हाइट सीडार उगवलेले आहेत, दिसायला झुडपासारखे, पण त्यांतल्या काहींचं वय एक हजार वर्षांहून जास्त. मार्ग 'साफ' करणाऱ्याच्या करवतीपुढे अशा झाडाचा टिकाव काय लागणार? कुठे कारण श्रद्धेचं असतं: अमेरिकेतल्या डेव्हिल्स टॉवरवर मूळनिवासी जमातींचे विधी असतात म्हणून १९९५ पासून दर जूनमध्ये आरोहकांना स्वेच्छेने न चढण्याची विनंती केली जाते. तो कडा प्रसिद्ध आहे म्हणून ही गोष्ट सगळ्यांना कळते. अनोळखी कड्यावर अशी पाटी नसते. आणि कुठे कारण अगदी साधं असतं: जमिनीच्या मालकाने तोंडी सांगितलंय, चढा, पण गर्दी आणू नका. पुस्तकात एक ओळ छापली की ती परवानगी संपली.

म्हणून विचारायचं. आधी जमीन ज्याची आहे त्याला, मग त्या भागात बरीच वर्षं चढणाऱ्यांना. 'इथे चढलं तर चालेल का?' या प्रश्नाला लोक भिडेखातर हो म्हणून मोकळे होतात. 'इथे कोणी चढायला का येत नाही?' असं विचारा. नोंद नसलेल्या कड्याबद्दल उत्तर येतं, 'लांब पडतं हो', किंवा 'त्यात काय आहे चढण्यासारखं?' टाळलेल्या कड्याबद्दल आधी समोरचा तुम्हालाच विचारतो, की तुम्हाला कोणी सांगितलं.

उत्तर मिळेपर्यंत कडा टाळलेलाच समजायचा, यावर माझं मत पक्कं आहे. पहिल्या फेरीला ड्रिल आणि तारेचा ब्रश घरी. शेवाळ खरवडायचं नाही, झाड तोडायचं नाही. फोटो काढा, पण ठिकाणाच्या पिनसकट त्याच संध्याकाळी टाकणाऱ्यांच्या रांगेत बसू नका. आणि खरोखर नोंद नसलेलाच निघाला, तरी 'पहिली चढाई' म्हणून स्वतःचं नाव लावण्यापूर्वी थोडं थांबा. बोल्ट न मारता चढून, काहीही मागे न ठेवता उतरून गेलेली माणसं प्रत्येक पिढीत असतात.