लाल मातीतला पाय, कॅनव्हासवरचा बूट

बेळगावात पोरगा बॉक्सिंगला जातो म्हणाला की घरात आधी खर्चाचा हिशेब होतो. ग्लोव्हज घ्यावेच लागतात, हाताला गुंडाळायच्या पट्ट्या लागतात, दातांचं गार्ड लागतं. बुटांचं मात्र ‘आहेत की घरात’ एवढ्यावर भागतं. घरात असतात ते पळायचे बूट. सकाळी व्हॅक्सीन डेपोत पळायला तेच आणि संध्याकाळी रिंगमध्येही तेच. मीही तसाच गेलो होतो. दुसऱ्याच आठवड्यात वळताना जाड तळव्याची कड कॅनव्हासला अडकली, घोटा मुरगळला आणि पंधरा दिवस हळदीचा लेप लावून बसलो.

आपल्या भागात खेळायला बूट लागतो ही कल्पनाच उशिरा आली. तालमीचा शिरस्ता उलटा होता. पायताण दाराबाहेर काढायचं आणि मगच हौद्यात उतरायचं. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली लाल माती अनवाणी पायासाठीच असते. त्यात बोटं रुततात आणि पैलवानाला जोर लावायला जागा मिळते. कोल्हापूरचं खासबाग १९१२ चं, आमच्याकडं आनंदवाडीचा आखाडा. दोन्हीकडं कुस्ती मातीवरची. याच मातीत वाढलेले पैलवान खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा तिथं खाली माती नव्हती, गादी होती. सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, पण त्याआधी पायांना नव्या जमिनीची ओळख करून द्यावी लागली. बॉक्सिंगच्या बुटाचा इतिहासही असाच, खालची जमीन बदलत गेली तसा बदललेला.

ग्रीकांची मुष्टियुद्धं अनवाणीच होत. चामड्याचे पट्टे हाताला असत, पायाला काही नसे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात पैजेच्या लढती उघड्या मुठीने, बहुधा गावाबाहेरच्या कुरणात व्हायच्या. ओल्या गवतावर पाय घसरू नये म्हणून बुटांना खाली खिळे मारलेले असत, आणि त्या काळच्या लंडन नियमांना ते चालतही होते. प्रतिस्पर्ध्याचा पाय त्या खिळ्यांखाली सापडला तर काय होत असेल, ते सांगायला नको. १८८९ साली अमेरिकेत जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन यांची लढत जुलैच्या उन्हात, उघड्यावर, ७५ फेऱ्या चालली. हेवीवेट विजेतेपदाची उघड्या मुठीची ती शेवटची मोठी लढत.

त्याआधीच, १८६७ मध्ये, आजच्या बॉक्सिंगचा पाया असलेले क्वीन्सबरी नियम छापून आले होते. त्यातली तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती आणि ग्लोव्हज सगळ्यांना ठाऊक असतात. बुटांना खिळे नकोत असंही त्याच नियमांत आहे, पण ते फारसं कुणी सांगत नाही. मला ते ग्लोव्हजइतकंच महत्त्वाचं वाटतं. खेळ कुरणातून उठून छताखाली आला, खाली फळ्या आणि त्यांवर ताणलेला कॅनव्हास आला, तिथं खिळ्याचं कामच उरलं नाही. १८९२ मध्ये जेम्स कॉर्बेटने त्याच सलिव्हनला २१ व्या फेरीत हरवलं ते नुसत्या ताकदीवर नव्हे. तो पायांवर हलका होता, मार चुकवत फिरत राहिला. पायांचं काम वाढलं तसा बूट हलका होत गेला. पुढं हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही तेच उतरलं: बूट हलके, खिळे नाहीत, टाच नाही.

(इथं कोल्हापुरी चपला बनवणाऱ्या, बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीची आठवण येतेच. आपल्या पारंपरिक कोल्हापुरीतही लोखंडी खिळा नसतो. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं चामडं चामड्याच्याच वादीने शिवतात. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरही त्यात आले. सीमेचा वाद चपलेने असा परस्पर मिटवला.)

आपल्या देशात बॉक्सिंग आलं ते इंग्रजांबरोबर, आणि रुजलं ते बरंचसं लष्करात. बेळगावला कॅम्प आहे आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून इथंच आहे, त्यामुळं लष्करी शिस्तीचे खेळ इथल्या लोकांना परके नाहीत. पण खास बॉक्सिंगचा बूट सामान्य घरात पोचायला फार काळ गेला. दीर्घकाळ शाळेतले पीटीचे कॅनव्हास बूटच कामाला आले. गंमत म्हणजे ते तितके वाईटही नव्हते. तळवा पातळ, सपाट आणि टाच नाही. पुढं फोमचे गुबगुबीत पळायचे बूट स्वस्त झाले तेव्हा खरी गडबड झाली.

पळायचा बूट सरळ रेषेसाठी बनवलेला असतो. टाचेखालची जाड गादी रस्त्याचा धक्का पिते. बॉक्सर सरळ पळत नाही. तो आडवा सरकतो आणि ठोसा मारताना मागच्या पायाच्या चवड्यावर गर्रकन फिरतो. ठोशाचा जोर जमिनीतून चवडा, कंबर, खांदा असा वर चढतो. मऊ गादी तो वाटेतच खाते आणि उंच तळव्यामुळं घोटा कलतो. म्हणून बॉक्सिंगच्या बुटाचा तळवा पातळ आणि सपाट, वरचा भाग घोट्यापर्यंत चढलेला. पकड हवी, पण इतकीही नको की फिरताना पाऊल जागीच चिकटेल आणि गुडघा तेवढा वळेल. जुन्या रिंगच्या कोपऱ्यात राळेच्या भुकटीची पेटी असायची, बॉक्सर त्यात तळवे घासून आत जायचे. आता पकड रबरातच दिलेली असते.

कुस्तीचे बूट चालतील का, हे तालमीतून आलेली पोरं हमखास विचारतात. सरावाला चालतात. ते मॅटसाठी असतात, त्यामुळं तळवा जास्त मऊ आणि पकड जास्त. चवड्यावर फिरताना ते जाणवतं. पळायचे बूट टाकून देऊ नका, रस्त्यावर पळायला तेच घाला. रिंगचा बूट डांबरावर नेला की त्याचा तळवा लवकर घासतो. आणि आमच्या पावसाळ्यात बाहेरून ओले तळवे घेऊन रिंगवर चढायचं नाही, बूट आत येऊन बदलायचा.

लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत वावरलेल्या पायाचा चवडा रुंद होतो, आणि बाहेरच्या कंपन्यांचे बूट बऱ्याचदा अरुंद असतात. नुसता नंबर बघून मागवू नये. संध्याकाळी, पाय थोडा फुगलेला असताना, सरावाचेच मोजे घालून बूट चढवावा, दुकानातच चवड्यावर दोन-चारदा फिरून बघावं. टाच आत उचलली जात असेल तर एक नंबर खाली. करंगळी दाबली जात असेल तर दुसरी कंपनी.