विलीनीकरण हरले, सिंह निवडून आला

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. त्यानंतर अडीच महिनेही उलटले नव्हते, तोच २८ मार्चला त्याच मतदारांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, म्हणजे विलीनीकरणासाठीच जन्मलेल्या, सिंह ही निशाणी असलेल्या मगोला, पुन्हा सत्तेवर बसवले. महाराष्ट्रात आपल्याला जानेवारीची गोष्ट आठवते, मार्चची आठवत नाही. म्हणून गोव्याने मराठीला झिडकारले, असा एक सोपा समज आपल्याकडे रुजला आहे. तो मला कधीच पटलेला नाही. मार्चचा निकाल का लागला हे समजून घ्यायचे, तर आधी १९६३ कडे जावे लागते.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. पोर्तुगीज काळात या प्रदेशाचे दोन भाग होते. तिसवाडी, बारदेश, साष्टी ही जुनी काबिजाद, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे अठराव्या शतकात उशिरा जोडलेले मुलूख, म्हणजे नवी काबिजाद. जुन्या काबिजादीत ख्रिस्ती समाज मोठा, नव्या काबिजादीत हिंदू बहुजन समाज मोठा. पण धर्माच्या या रेघेइतकीच खोल दुसरी एक रेघ होती: भाटकार आणि मुंडकार यांच्यातली. भाट म्हणजे माडा-पोफळीची बागायती आणि भाटकार तिचा मालक. मुंडकार त्याच्या जमिनीवर घर बांधून राहणारा, त्याची कामे करणारा, आणि भाटकार रुसला तर घरासकट उठवला जाणारा. भाटकार हिंदूही होते, ख्रिस्तीही होते. शेत कसणाऱ्या कुळाची स्थिती फारशी वेगळी नव्हती.

अशा समाजाच्या हाती प्रौढ मताधिकार आला आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी पहिली विधानसभा निवडणूक झाली. सभागृह तीस जणांचे. २८ गोव्याचे, दमण आणि दीवचा एकेक. देशभर काँग्रेसचे राज्य होते, गोवा मुक्त केला तो नेहरूंच्या सरकारने, त्यामुळे जिंकणार कोण याबद्दल दिल्लीला शंका नव्हती. निकाल लागला तेव्हा गोव्यात काँग्रेसला एकही जागा नव्हती; मिळाली ती दमणची. मगोला १४ आणि जॅक सिक्वेरा यांच्या विलीनीकरणविरोधी युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या. काँग्रेसचा बहुजनांना काही उपयोग दिसला नाही, कारण तिच्या व्यासपीठावर त्यांना ओळखीचे भाटकार आणि वरच्या जातींतले पुढारी दिसत होते. मगोचे प्रमुख दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर स्वतः त्या निवडणुकीला उभेही नव्हते. इतरांच्या पाठिंब्याने त्यांचे सरकार आले, ते मुख्यमंत्री झाले आणि नंतर मडकईच्या पोटनिवडणुकीतून सभागृहात आले.

बांदोडकर पेडण्याचे, गोमंतक मराठा समाजातले, खाणमालक. देवळांच्या सेवेला बांधला गेलेला आणि त्यापायी शतकानुशतके अवहेलना सोसलेला हा समाज. त्यातला माणूस गोव्याच्या पहिल्या मुख्यमंत्र्याच्या खुर्चीत बसला, ही गोष्ट नव्या काबिजादीतल्या माणसासाठी केवढी होती, याची कल्पना आज करणेही अवघड आहे. भाऊसाहेबांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. १९६४ मध्ये कूळ कायदा आला. बहुजनांच्या लेखी मराठी आधीपासूनच कीर्तनाची, नाटकाची, पोथीची भाषा होती; आता ती शाळेची आणि म्हणून नोकरीचीही वाट झाली. महाराष्ट्राची ओढ होती ती या अर्थाने. महाराष्ट्रात कूळ कायदा होता, बहुजनांच्या हाती सत्ता होती, सहकारी साखर कारखाने उभे राहत होते. तिकडे गेलो की भाटकाराच्या हातून सुटू, असा तो साधा हिशेब होता. आणि ही ओढ हिंदूंपुरतीच होती असेही नाही. गोवा मुक्तिलढ्यातले समाजवादी नेते पीटर आल्वारिस १९६३ मध्ये मगोच्या पाठिंब्यावर लोकसभेत गेले.

१९६५ च्या जानेवारीत गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. गोव्याचे वेगळेपण जपले जाईल असे नेहरू सांगत आले होते. पण ते गेले, मग शास्त्रीही गेले, आणि प्रश्न इंदिरा गांधींच्या पुढ्यात आला. विधानसभेतल्या बहुमतावर एवढा मोठा निर्णय घ्यायचा की थेट लोकांना विचारायचे? सिक्वेरा यांनी थेट मताचा आग्रह धरला. आमदार पाच वर्षांसाठी निवडलेले असतात, प्रदेशाचे अस्तित्व कायमचे पुसण्यासाठी नव्हे, हा त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. १९६६ च्या डिसेंबरात संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून सरकार पायउतार व्हावे, अशी मागणी झाली आणि बांदोडकरांनी राजीनामा दिला.

पुढचे काही आठवडे गोव्याने जो प्रचार पाहिला त्याला तोड नाही. विलीनीकरणाची निशाणी फूल, केंद्रशासित राहण्याची दोन पाने. पणजीचा ‘गोमन्तक’ बा. द. सातोस्कर यांच्या संपादनाखाली विलीनीकरणाच्या बाजूने उभा होता. विरोधातले सर्वांत धारदार पत्रही मराठीच होते: मडगावचा ‘राष्ट्रमत’. त्यातले उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ सदर घरोघर वाचले जाई. उल्हास बुयांव गावोगाव गात फिरले, मनोहरराय सरदेसाई यांच्या कविता लोकांच्या तोंडी बसल्या. मराठी वाचणाऱ्या हिंदू गोवेकराला विलीनीकरणाविरुद्धचा युक्तिवाद त्याच्याच वाचनाच्या भाषेत मिळाला, हे निकालात फार निर्णायक ठरले असे मला वाटते.

युक्तिवादही हवेतले नव्हते. विलीन झालो तर आपली विधानसभा जाईल, आपण कोकणाच्या टोकाचा एक जिल्हा होऊ, मंत्रालय मुंबईला. प्रशासनात बाहेरून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी लोक रोज पाहत होते. नोकऱ्या आपल्या पोरांना मिळतील का, ही भीती त्यातून आलेली. महाराष्ट्रात दारूबंदी होती, मग माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराने खायचे काय? असे पोटाचे प्रश्न भाषेच्या प्रश्नाइतकेच बोलले गेले.

दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या तेव्हा चाळीस टक्क्यांच्या आतच होती आणि दोन पानांना पडलेली मते निम्म्याहून बरीच जास्त. म्हणजे हजारो हिंदूंनीही विलीनीकरणाविरुद्ध मत दिले, आणि त्यांत मगोचे मतदार नव्हते असे मानायला काही आधार नाही. साष्टीने जोरात नाकारले, पेडणे-सत्तरीने फुलाला साथ दिली, पण निकाल फिरवला तो मधल्या माणसाने.

मार्चमध्ये त्याच माणसाने मगोला १६ जागा दिल्या. युनायटेड गोवन्स जनमत कौल जिंकूनही १२ वरच राहिला. मला यात विसंगती दिसत नाही. जानेवारीत प्रश्न होता गोवा राहील की नाही. मार्चमध्ये प्रश्न होता गोव्यात राज्य कोणाचे. शाळा काढणारे, कुळाला संरक्षण देणारे भाऊसाहेब लोकांना हवे होते, आणि आता ते त्यांच्या स्वतःच्या विधानसभेत हवे होते. १९७२ मध्ये मगोच्या जागा १८ वर गेल्या, तोवर विलीनीकरणाची भाषा मागे पडली होती. १२ ऑगस्ट १९७३ रोजी बांदोडकर गेले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि १९७५ मध्ये मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला. पक्षाच्या नावावर जे सत्ताकारण उभे राहिले त्याचे खरे काम हे होते, सीमा बदलणे नव्हे.

घसरण मात्र आतूनच झाली. १९७९ मध्ये काकोडकर सरकार स्वपक्षीयांच्या फुटीने पडले आणि १९८० मध्ये मगो सात जागांवर आला. ज्यांनी सत्ता मिळवली ते प्रतापसिंह राणे आमदार झाले होते मगोच्याच तिकिटावर. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. त्याआधी फेब्रुवारीत कोकणी राजभाषा झाली होती, मराठीच्या सरकारी वापराची तरतूद ठेवून. १९८९ मध्ये चाळीसच्या सभागृहात १८ जागा जिंकून मगो पुन्हा सत्तेच्या दारात आला, पण १९९१ च्या सुरुवातीला रवी नाईक आमदारांसह फुटले आणि काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्री झाले. पक्षांतराबद्दल आज गोव्याला नावे ठेवली जातात. त्याची मुळे या दशकात आहेत.

१९९४ मध्ये मगोने भाजपशी युती केली आणि भाजपला गोव्यात पहिल्यांदा चार आमदार मिळाले. त्यांतले श्रीपाद नाईक निवडून आले ते मडकईतून, भाऊसाहेबांच्याच मतदारसंघातून. बहुजनांचा जो आधार भाटकारांविरुद्ध उभा राहिला होता, त्याचा मोठा भाग पुढच्या दहा वर्षांत भाजपकडे गेला. २०१९ मध्ये मगोच्या तीनपैकी दोन आमदारांनी रातोरात भाजपमध्ये प्रवेश केला. २०२२ मध्ये पक्षाने तृणमूल काँग्रेससोबत निवडणूक लढवली, दोन जागा जिंकल्या आणि निकालानंतर भाजपच्या सरकारला पाठिंबा दिला. त्यांतली एक जागा मडकईची आहे. भाटातल्या घरांची आणि कुळांच्या शेतांची अनेक प्रकरणे अजून मामलेदाराच्या कचेरीत पडून आहेत, आणि ती लावून धरणारा पक्ष आज गोव्याच्या विधानसभेत मला दिसत नाही.